पाणीपाळीची फाईल

एक

गुरुवारी दुपारी चार वाजता पाटकऱ्याची सून चार नंबरच्या मशीनसमोर बसली आणि फाईल उघडायला गेली. फाईल तिथे नव्हती.

तिने आधी स्वतःलाच दोष दिला. चुकीच्या जागी शोधत असेन, असं म्हणत तिने एकेक फोल्डर उघडून पाहिलं. कुणाचे धडे होते, कुणी मावशीला लिहिलेलं पत्र होतं, कुणी काढलेलं चौकोनी पोटाचं बदक होतं. 'पाणीपाळी' नावाची शेहेचाळीस पानांची फाईल मात्र कुठेच नव्हती. पाच महिने, रोज दुपारी एक तास बसून सासऱ्याच्या वहीतल्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या तिने त्यात टाइप केल्या होत्या.

पाच वाजता सर आले. कॉम्प्युटर केंद्रावर शिकवणारा हा तिशीचा, बारीक अंगाचा माणूस चार ते पाच या वेळात घरी जेवायला जाई आणि किल्ली सुनेकडे ठेवून जाई. त्यांच्यामागून वर्गातल्या पाचजणीही आत आल्या. सुनेने काय झालं ते सांगितलं. सर वाकले आणि त्यांनी मशीनमधली नोंद उघडली. कोणती फाईल कधी उघडली, कधी बंद केली, कधी पुसली, हे मशीन गुपचूप लिहून ठेवतं.

"पाणीपाळी," सरांनी मोठ्याने वाचलं. "पुसली. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

वाचून झाल्यावर त्यांना वाटलं, हे मनातल्या मनात वाचायला हवं होतं. मंगळवारी चार ते पाच या वेळात केंद्रात एकटं कोण बसतं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पाचही जणी आपापल्या मशीनसमोर जाऊन बसल्या. सुनेच्या शेजारची बाई मात्र त्या दिवशी दोन खुर्च्या सोडून बसली.

दिवेलागणीपर्यंत ही बातमी गावभर झाली.

दोन

संस्थेची अशी बारा केंद्रं होती. शहरातल्या ऑफिसांनी टाकून दिलेली कॉम्प्युटर मशीनं आणायची, दुरुस्त करायची आणि बस दिवसातून दोनदाच जाते अशा गावांत नेऊन बसवायची, हा संस्थेचा उद्योग. शिकणारे थोडी फी देत, केंद्र गावाची टायपिंगची आणि छपाईची कामं करी आणि त्यावर तग धरून राही. बाराही गावांतली मशीनं दुरुस्त करायला एकच बाई होती. पन्नाशीची, कमी बोलणारी. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला असे, म्हणून सगळे तिला टेस्टरबाई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

शनिवारी तिला ताईंनी बोलावून घेतलं. ताईंनी ही संस्था एका भाड्याच्या गॅरेजमधून उभी केली होती. त्यांच्या टेबलावर नेहमी कागदांचे तीन ढीग असत आणि बोलताना त्या चौथा लावत असत.

"डिस्क जुनी आहे," ताई म्हणाल्या. "तीच गेली असणार. तू जा, बघ आणि तसा रिपोर्ट दे. उगाच त्या पोरीवर बालंट आलंय. तिने वर्गाला येणं बंद केलंय आणि तिच्यामुळे आणखी चौघींनी."

"आपल्याकडे प्रत असेल ना? दर सोमवारी पेनड्राइव्ह येतो केंद्राचा."

"येतो. पण त्यात ती फाईल नव्हती. मी स्वतः पाहिलं." ताईंनी एक कागद एका ढिगातून दुसऱ्यात ठेवला. "दोन दिवसांत मिटव हे. पंधरा दिवसांनी पाटाला पाणी सुटतं. त्याआधी गाव शांत झालेलं बरं."

सोमवारी सकाळच्या बसने टेस्टरबाई गावात उतरली. केंद्र पिठाच्या गिरणीमागच्या जुन्या गोदामात होतं. नऊ मशीनं, एक लांब बाक, भिंतीवर गोल घड्याळ आणि सगळ्यावर पिठाचा बारीक थर. तिने चार नंबरचं मशीन बंद केलं, झाकण काढलं, पंख्यातलं पीठ ब्रशने झाडलं. मग डिस्क सोबत आणलेल्या मशीनला जोडून ती तासभर तपासत बसली. सर दाराशी उभे राहून बघत होते.

"या मशीनला आजपासून कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "वर्ग घ्यायचा तर आठांवर घ्या."

"डिस्क गेली आहे ना? ताई तसंच म्हणत होत्या."

"डिस्क ठणठणीत आहे," टेस्टरबाई म्हणाली. "फाईल माणसानेच पुसली आहे."

तीन

पाटकऱ्याचं घर पाटाच्या पहिल्या दारापाशीच होतं. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं ती लोखंडी दारं उघडली आणि मिटली होती. कोणत्या शेताला किती तास पाणी, कुणाच्या आधी कोण, हे सगळं त्याच्या एका जाड वहीत लिहिलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तेव्हापासून ज्याच्या हाताला लागतील तो दारं उघडत होता आणि दर हंगामाला भांडणं वाढत होती.

सून दारातच उभी राहिली. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी असायचा. घरात ती आणि सासरा, दोघंच.

"मी नाही पुसली," ती म्हणाली. "एवढंच विचारायला आला असाल तर सांगून टाकते."

"ते नाही विचारायचं मला. मूळ वही कुठे आहे?"

तिने आत जाऊन एक पुठ्ठा आणला. वहीचं वरचं कव्हर. आत काही नव्हतं.

"वाळवी लागली होती," आतून म्हातारा म्हणाला. तो चाचपडत खुर्चीपर्यंत आला. "पान उलटलं की त्याचा भुगा व्हायचा. एकदाच उलटता यायचं. ही भिंग घेऊन वाचायची, मला विचारायची, कागदावर उतरवायची आणि मग केंद्रात जाऊन टाइप करायची. पान संपलं की भुगा गोळा करून मी चुलीत टाकायचो. म्हटलं, आता ते मशीनमध्ये गेलं. मशीनला वाळवी लागत नाही."

"उतरवलेले कागद?"

"ते पण गेले चुलीत," सून म्हणाली. "मीच टाकले. पसारा नको म्हणून."

टेस्टरबाईने पुठ्ठा उलटसुलट करून परत दिला. "आबा, तुम्हाला तोंडपाठ असेल की सगळं."

"पाठ आहे. पण माझ्या पाठांतरावर गाव चालत नाही. मी बोललो तर म्हणतील, म्हातारा मनचं सांगतो. लिहिलेलं असलं की माणूस गप्प बसतो." तो थोडं थांबला. "आता तर म्हणतात, मीच पुसायला लावली. आयुष्यभर कुणाकुणाला झुकतं माप दिलं, ते उघडं पडेल म्हणून."

"दिलं होतं?"

"दोनदा," म्हातारा म्हणाला. "दोन्ही वेळा वहीत लिहिलं होतं."

सून पहिल्यांदाच किंचित हसली. टेस्टरबाईने तिला मंगळवारबद्दल विचारलं. ती चारला आली होती. फाईल पूर्ण झाली होती, म्हणून नुसती वाचून काढत होती. शुक्रवारी ताई मुख्य कार्यालयातून छपाईची शाई पाठवणार होत्या. ती आली की प्रत काढून सगळ्या गावासमोर वाचायची, असं ठरलं होतं. पाचला नेहमीचा वर्ग झाला. बुधवारी केंद्र बंद असतं. गुरुवारी फाईल नव्हती.

"आणि सोमवारी पेनड्राइव्ह पाठवला, त्यात ती होती?"

"होती तर. सरांनी माझ्यासमोर घातली. मी उघडून शेवटचं पान पाहिलं, शेहेचाळीस. मग पाकिटात घालून पाकीट मीच चिकटवलं आणि बसच्या कंडक्टरच्या हातात मीच दिलं."

टेस्टरबाईने पाणी मागितलं, उभ्याउभ्याच प्यायली आणि भांडं बराच वेळ हातात धरून राहिली.

चार

वहीमुळे सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होणार होतं, हे शोधायला कष्ट पडले नाहीत. विचारलं त्या प्रत्येकाने गिरणीकडे बोट दाखवलं.

गिरणीवाला आडव्या अंगाचा, भुवयांवर कायम पीठ असलेला माणूस होता. पाटाच्या मधल्या टप्प्यात त्याचं शेत होतं. गेली काही वर्षं तो दर फेरीला दहा तास पाणी घेत होता आणि त्याच्या खालच्या शेतांत माती भेगाळत होती. केंद्राचं गोदामही त्याचंच. संस्थेला त्याने ते फुकट वापरायला दिलं होतं.

"मी पुसली?" पट्टा फिरत असल्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "बाई, मला तो उंदीर हातात धरता येत नाही. एकदा सरांनी बसवलं होतं मला. बाण पडद्याबाहेर गेला, परत आलाच नाही."

"पण फाईल गेली ते बरं झालं, असं वाटतं की नाही?"

"वाटतं. त्यात काय लपवायचं?" त्याने पट्टा थांबवला. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्याचा आवाजही खाली आला. "माझ्या जागेत बसून माझ्याविरुद्ध कागद तयार करायचा, हे कुणी सहन करेल? पण मी चोरून काही करत नाही. जे सांगायचं ते ज्या माणसाला सांगायला हवं त्याला तोंडावर सांगितलं."

"कुणाला?"

"ते त्या माणसालाच विचारा," असं म्हणून त्याने पट्टा पुन्हा चालू केला.

केंद्राच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, अर्जवाल्याचं दुकान होतं. एक टेबल, एक टाइपरायटर आणि दारात टाकलेली खुर्ची. केंद्र येण्याआधी गावाचे सगळे अर्ज तो लिहून देत असे. आता बायका आपापले अर्ज स्वतःच टाइप करत होत्या आणि तो दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या दाराकडे बघत असे.

"माझं नाव यादीत कितवं आहे?" टेस्टरबाई जवळ येताच त्याने विचारलं.

"यादी नाही माझ्याकडे."

"गावाकडे आहे. पहिली ती सून, दुसरा गिरणीवाला, तिसरा मी. माझा धंदा बुडाला म्हणून मी तुमची मशीनं बिघडवतो म्हणे." त्याने खुर्ची थोडी सरकवली. "धंदा बुडाला हे खरं आहे. पण ती वही पुरी व्हावी असं मलाही वाटत होतं. माझा एक तुकडा आहे पाटाच्या शेवटाला. तिथपर्यंत पाणी येतं ते फक्त माझ्या अर्जांत."

टेस्टरबाई केंद्रात परत आली. बाकावर सरांनी नोंदीचा कागद ठेवला होता: मंगळवार, चार वाजून दहा. तो खोडून काढता येण्यासारखा नव्हता. त्या वेळी आत एकच माणूस होतं, किल्ली त्याच माणसाकडे होती आणि मशीन खोटं बोलत नाही, असं सगळं गाव म्हणत होतं.

तिने झाकण काढलेल्या मशीनकडे पाहिलं आणि खिशातला टेस्टर काढला.

पाच

कॉम्प्युटरच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना आतलं घड्याळ त्या सेलवर चालतं. चार नंबरचा सेल टेस्टरबाईने मीटरवर धरला तेव्हा काटा जेमतेम हलला.

"सर," तिने हाक मारली. "यांची घड्याळं मागे पडतात का?"

"पडतात की. सेल जुने आहेत. महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी, मी सगळी बरोबर लावतो. सेल बदलायचे आहेत, पण..." सर बोलता बोलता थांबले.

"गेला बुधवार पहिला होता."

"हो."

"म्हणजे फाईल पुसली मंगळवारी, तुम्ही घड्याळ लावलं बुधवारी आणि नोंद वाचली गुरुवारी. वाचताना घड्याळ बरोबर होतं. पुसली तेव्हा नव्हतं."

सर बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "किती मागे होतं, ते मी बघितलंच नाही. सगळी एका दमात लावून टाकली. आता कसं कळणार?"

टेस्टरबाईने मंगळवारच्या वर्गात चार नंबरवर टाइप केलेला धडा मागितला. सरांची एक शिस्त होती. धडा सुरू करताना भिंतीवरच्या घड्याळात बघून दिवस आणि वेळ स्वतः टाइप करायची, म्हणजे आकड्यांचा हात बसतो. तिने डिस्कवरून तो धडा उघडला. डोक्यावर लिहिलं होतं: मंगळवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. त्याच धड्याच्या सुरुवातीचा मशीनने स्वतः मारलेला शिक्का होता: दुपारी दोन वाजून पंचेचाळीस.

"दोन तास पंचवीस मिनिटं," सर पुटपुटले.

"आता ती नोंदीतल्या वेळेत मिळवा."

सरांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला. "सहा वाजून पस्तीस," ते म्हणाले. "पण तेव्हा ती इथे नव्हती. वर्ग पावणेसहाला सुटला. सगळ्या घरी गेल्या होत्या." त्यांनी वर पाहिलं. "तेव्हा किल्ली माझ्याकडे होती."

"हो," टेस्टरबाई म्हणाली आणि उठून रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली.

अर्जवाल्याला विचार करावा लागला नाही. दिवसभर दुसरं काम नसलेल्या माणसाची स्मरणशक्ती चांगली असते.

"पावणेसहाला वर्ग सुटला. सव्वासहाला तुमच्या संस्थेची जीप आली. बिघडलेली मशीनं न्यायला. सरांनी चार डबडी बाहेर आणून जीपमध्ये चढवली आणि दोरीने बांधत बसले. त्यांना गाठ मारता येत नाही. तीनदा सोडली, तीनदा बांधली. मी इथून सांगत होतो कशी मारायची, ऐकलं नाही. अर्धा तास तेच चाललं होतं."

"सर मध्ये आत गेले?"

"एकदाही नाही. माझ्या डोळ्यांसमोर होते."

"आणि आत कोण होतं?"

अर्जवाल्याने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमच्या ताई," तो म्हणाला. "आणखी कोण असणार?"

सहा

मंगळवारी सकाळी टेस्टरबाई मुख्य कार्यालयात गेली. ताईंनी तिला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

"डिस्कचं काय?"

"डिस्क चांगली आहे, ताई. फाईल पावणेसातच्या आधी दहा मिनिटं पुसली गेली. घड्याळ मागे होतं. सर बाहेर दोरी बांधत होते."

ताईंनी हातातला कागद खाली ठेवला. तो कोणत्याही ढिगात गेला नाही.

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. मी शनिवारी इथे बसले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, पेनड्राइव्हमध्ये फाईल नव्हती. पेनड्राइव्ह सोमवारी निघाला. फाईल पुसली मंगळवारी. सोमवारी ती असायलाच हवी होती. पाकीट त्या मुलीने स्वतः चिकटवून बसवर दिलं. ते उघडलं इथेच, तुमच्या टेबलावर."

चहा आला. दोघींपैकी कुणीही कप उचलला नाही.

"त्याने मला इथे येऊन सांगितलं," ताई म्हणाल्या. "गिरणीवाल्याने. हा कागद वाचला गेला तर दुसऱ्या दिवशी गोदाम रिकामं करा. तुला माहीत आहे, त्या गावात दुसरी जागा नाही. विजेची जोडणी असलेलं दुसरं छप्पर नाही. बेचाळीस जणी शिकतात तिथे. तिघींना त्यावर नोकरी लागली. मी एका बाजूला त्या बेचाळीस जणी ठेवल्या आणि दुसऱ्या बाजूला एक फाईल."

"आणि तिच्यावर आळ आला तेव्हा?"

"म्हणून तर तुला पाठवलं. डिस्कवर ढकलायचं होतं मला, तिच्यावर नाही." ताईंनी डोळे मिटून उघडले. "मला वाटलं, वही आहेच त्यांच्याकडे. पुन्हा टाइप करतील. तोवर हा हंगाम निघून जाईल आणि मी दुसरी जागा शोधेन."

"वही नाही, ताई."

"म्हणजे?"

टेस्टरबाईने सांगितलं. वाळवी, भुगा, चूल. पान फक्त एकदाच उलटता येत होतं, हेही सांगितलं. ताई ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"पेनड्राइव्ह?" टेस्टरबाईने विचारलं.

"दुसऱ्या केंद्राला दिला. त्याच्यावर नवे धडे घालून." मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "तू रिपोर्टमध्ये काय लिहिणार आहेस?"

"जे झालं ते. शुक्रवारी विश्वस्तांकडे देईन." टेस्टरबाई उठली. "आज मंगळवार आहे. मधे दोन दिवस आहेत. तुम्ही आधी गावात जाऊन सांगितलंत, तर रिपोर्टमध्ये एक ओळ जास्त लिहिता येईल."

सात

ताई बुधवारी गेल्या. केंद्र बंद असण्याचा दिवस असूनही सगळ्या आल्या, कारण सरांनी घरोघर जाऊन निरोप दिला होता. ताईंनी उभं राहून चार वाक्यांत सांगितलं. कारणं सांगितली नाहीत. खोलीत कुणी आवाज चढवला नाही. आवाज चढला असता तर ताईंना सोपं गेलं असतं.

सुनेने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर?"

ताईंची नजर चार नंबरच्या मशीनकडे गेली.

"मी वहीबद्दल सांगितलं असतं," सून म्हणाली. "मग आपण मिळून काहीतरी शोधलं असतं. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, पुसायच्या आधी मशीन विचारतं, नक्की का म्हणून."

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने गोदामाला कुलूप लावलं. फाईल अजून वाचली गेली नव्हती, पण गावात ताईंनी काय सांगितलं ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्याला तेवढं पुरलं. नऊ मशीनं रस्त्यावर आली. सगळे जण ती कुठे न्यायची या विचारात असताना अर्जवाल्याने टाइपरायटर उचलला आणि टेबलाखाली ठेवला.

"माझ्याकडे वीज आहे," तो म्हणाला. "कुणी विचारत नाही, पण आहे. दोन मशीनं मावतील, दाटीवाटीने तीन. पण अर्ज माझ्याच दुकानात छापायचे आणि खाली माझं नाव घालायचं."

ताई गावात दोन दिवस राहिल्या. उरलेली मशीनं त्यांनी स्वतः उचलून जीपमध्ये चढवली. पुढच्या महिन्यात विश्वस्तांनी त्यांचं पद काढून घेतलं. संस्था सोडून मात्र त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या एका केंद्रावर त्या अजून शिकवतात, असं ऐकायला मिळतं.

पुसलेली फाईल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांत चार नंबरवर धडे झाले होते आणि त्यांनी काही पानं खाऊन टाकली होती. टेस्टरबाईने चार दिवस खपून एकतीस पानं बाहेर काढली. पंधरा गेली ती गेलीच. ती पाटाच्या मधल्या आणि खालच्या टप्प्याची होती.

मग सुनेने एक गोष्ट केली. अर्जवाल्याच्या दारात चार नंबरचं मशीन मांडलं, शेजारी सासऱ्याला खुर्ची दिली आणि गावात निरोप धाडला: ज्यांची पानं गेली त्यांनी यावं, आपले तास सांगावेत, सगळ्यांसमोर. आबांना आठवतं ते आबा सांगतील, तुम्हाला आठवतं ते तुम्ही सांगा. जुळलं तर एकदाच लिहीन. नाही जुळलं तर दोन्ही लिहीन, कुणी काय सांगितलं त्याच्या नावासकट.

पहिल्या दिवशी सहा जण आले. दुसऱ्या दिवशी रांग लागली. जुळत होतं. चारचौघांत उभं राहून आपल्या शेताचे तास सांगताना लोक फारसे वाढवून सांगत नव्हते. पाणी सुटायला तीन दिवस उरले होते. टेस्टरबाई छपाईचं मशीन जोडायला आली होती आणि आतल्या बाजूला जमिनीवर बसून वायरी सोडवत होती.

गिरणीवाला तिसऱ्या दिवशी आला. रांगेत उभा राहिला. पुढच्याने त्याला जागा देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

त्याची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "दहा तास."

सुनेने टाइप केलं. मग सासऱ्याकडे वळून विचारलं, "आबा?"

"चार," म्हातारा म्हणाला.

तिने तेही टाइप केलं. मग दोन्ही ओळी रांगेला ऐकू जातील अशा आवाजात वाचून दाखवल्या. त्याच्या नावापुढे दहा, आबांच्या नावापुढे चार.

गिरणीवाला पडद्याकडे बघत राहिला. त्याला वाचता येत होतं, पण तो वाचत नव्हता. मागे रांगेत त्याच्या खालच्या शेतांचे पाच मालक उभे होते.

"एक ओळ पुसून टाक," तो म्हणाला.

"कोणती?"

"माझी. सहा लिही."

सुनेने त्याची ओळ पुसली नाही आणि सहाही लिहिले नाहीत. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत बसली. आत वायरी सोडवणारे हातही थांबले होते. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"चार," गिरणीवाला म्हणाला.

तिने पुसलं, लिहिलं आणि रांगेकडे मान वर केली.

"पुढचे कोण?"